लाडकं गाणं डोक्यात का जातं?

१९९३ साली अमेरिकेचा दौरा करणाऱ्या एका नवख्या इंग्लिश बँडच्या कार्यक्रमांत एकच प्रकार पुन्हा पुन्हा घडत होता. लोक तिकीट काढून यायचे, एका गाण्याच्या नावाने ओरडत राहायचे आणि ते गाणं झालं की त्यातले बरेच जण दाराकडे वळायचे. स्टेजवर पुढची गाणी चालू असायची आणि समोरची गर्दी विरळ होत जायची. बँडचं नाव रेडिओहेड. गाण्याचं नाव 'क्रीप'.

जे शेवटपर्यंत थांबले, ज्यांनी पुढचे अल्बम आल्या आल्या घेतले, ते या बँडचे कट्टर चाहते झाले. अशा चाहत्यांच्या घोळक्यात आज 'मला त्यांचं क्रीप फार आवडतं' असं म्हणून पाहा. भांडण होणार नाही, पण दोन-चार जण एकमेकांकडे बघतील आणि एखादा हळूच दुसऱ्या गाण्याचं नाव पुढे करेल. ज्या गाण्याने बँडला जगभर नेलं, ज्या गाण्यामुळे यातल्या बहुतेकांची या बँडशी ओळख झाली, तेच गाणं त्यांना नकोसं झालेलं असतं.

याचं झटपट उत्तर 'शिष्टपणा' असं दिलं जातं. शिष्टपणा थोडा असतोच. पण हेच लोक त्याच बँडची तितकीच जुनी इतर गाणी आजही मन लावून ऐकतात, मग याच एका गाण्यावर राग का, हे त्याने उलगडत नाही. माझ्या मते चाहत्याला चाहता बनवणारी जी एकाग्रता असते, तीच अशा गाण्याला सगळ्यात आधी संपवते. उरलेलं काम रेडिओ करतो, गर्दी करते आणि पुष्कळदा बँड स्वतःच करतो. हे सगळं कसं घडतं ते 'क्रीप'च्या आधारे पाहू, कारण इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

पहिल्या फेरीत ६,००० प्रती

बँडचा गायक थॉम यॉर्क याने हे गाणं १९८० च्या दशकाच्या शेवटी, एक्सेटर विद्यापीठात शिकत असताना लिहिलं. बँडमधली पाचही मुलं ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या शाळेतली. १९९१ मध्ये ईएमआय या कंपनीशी त्यांचा करार झाला आणि १९९२ मध्ये चिपिंग नॉर्टन इथल्या स्टुडिओत शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी या दोन अमेरिकन निर्मात्यांबरोबर ते ध्वनिमुद्रणाला बसले. ठरलेली गाणी वेगळीच होती. सरावात मुलांनी 'क्रीप' वाजवलं आणि यॉर्क 'हे आमचं स्कॉट वॉकर गाणं' अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेला. निर्मात्यांना वाटलं, हे खरंच स्कॉट वॉकर या गायकाचं गाणं असणार, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. ठरलेली गाणी काही केल्या रंगेनात, तेव्हा त्यांनी मुलांना तेच परत वाजवायला सांगितलं. एका दमात रेकॉर्डिंग झालं आणि स्टुडिओतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाण्याची बांधणी अगदी साधी आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सूरसमूह, फिरत राहतात: जी मेजर, बी मेजर, सी मेजर, सी मायनर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं आणि जी हा षड्ज धरायचा, तर या चार कॉर्डांच्या पोटात एक छोटी सुरावट दडलेली सापडते: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि परत कोमल धैवत. वर चढलेला सूर शेवटी अर्ध्या पायरीने खाली घसरतो. गाण्यातली सगळी उदासी त्या घसरण्यात आहे. शब्दही त्याच भावनेचे आहेत. समोरची व्यक्ती देवदूतासारखी वाटते आणि आपण मात्र इथे नको असलेले, बेंगरूळ, कुठेच न बसणारे.

धृपदाच्या तोंडाशी गिटारचे दोन-तीन खरखरीत तडाखे येतात. ते बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडचे. गाणं फारच मवाळ आहे म्हणून त्याला ते आवडलं नव्हतं आणि ते बिघडवण्यासाठी त्याने तारांवर हात आपटला, असं त्याचाच सहकारी एड ओब्रायन सांगतो. त्या तडाख्यांनीच गाणं उभं राहिलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सप्टेंबर १९९२ मध्ये गाणं बाहेर आलं आणि ब्रिटनमध्ये आपटलं. बीबीसी रेडिओ १ ला ते फारच निराशाजनक वाटलं. जेमतेम ६,००० प्रती खपल्या आणि लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीत ते ७८ व्या क्रमांकावर अडकलं. मग इस्रायलमध्ये योआव कुटनर या रेडिओ निवेदकाने ते पुन्हा पुन्हा वाजवलं आणि तिथे ते घराघरांत पोचलं. पाठोपाठ सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या रॉक स्टेशनांनी ते उचललं. अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, मुख्य बिलबोर्ड यादीत ३४ व्या. ज्या ब्रिटनने ते नाकारलं होतं, तिथे १९९३ मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर ते सातव्या क्रमांकावर पोचलं. वर्षभरापूर्वी कुणाला नको असलेलं गाणं आता जिथे तिथे वाजत होतं.

कान किटतात तेव्हा आत काय होतं

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्यांनी लोकांना निरर्थक शब्द, न कळणारी चिनी अक्षरं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. जे जास्त वेळा दिसलं, ते लोकांना अधिक बरं वाटलं. ओळखीची गोष्ट धोक्याची नसते, एवढं मनाला पुरतं. रेडिओचा सगळा धंदा या एका प्रवृत्तीवर उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण आवड अशी कायम चढत राहत नाही. टोरंटोचे डॅनियल बर्लाइन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की आवडीचा आलेख टेकडीसारखा असतो. सुरुवातीला गोष्ट नवी, गोंधळात टाकणारी. मग ओळख वाढते तशी गोडी वाढते. एका टप्प्यानंतर तिच्यात शोधण्यासारखं काही उरत नाही आणि आवड उतरणीला लागते. साधी गोष्ट ही टेकडी लवकर चढते आणि लवकर उतरते, गुंतागुंतीची गोष्ट वेळ घेते. चार कॉर्डांचं गाणं पहिल्या दोन-तीन वेळांतच मनात का शिरतं आणि त्याच बँडचं एखादं वाकड्या तालाचं गाणं वर्षभराने का उलगडतं, याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

यापुढचा प्रयोग मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. २००४ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या कार्ल स्झपुनर, ग्लेन शेलेनबर्ग आणि पॅट्रिशिया प्लायनर यांनी लोकांना संगीताचे छोटे तुकडे काही २ वेळा, काही ८ वेळा, काही ३२ वेळा ऐकवले. एका गटाला लक्ष देऊन ऐकायला लावलं. दुसऱ्या गटाला एक गोष्ट ऐकण्याच्या कामाला लावलं आणि संगीत मागे हळू आवाजात चालू ठेवलं. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची आवड आधी वाढली आणि ३२ वेळांपर्यंत पोचताना घसरली. दुसरं काही करताना ज्यांच्या कानावर संगीत नुसतं पडत होतं, त्यांची आवड मात्र वाढतच गेली.

हे वाचून जरा थांबायला हवं. गाडी चालवताना, भाजी चिरताना, ऑफिसात काम करताना ज्याच्या कानावर 'क्रीप' पडतं, त्याला ते पन्नासाव्या वेळीही छान वाटू शकतं. ज्याने हेडफोन लावून, डोळे मिटून, ग्रीनवुडचा पहिला तडाखा नेमका कुठे पडतो ते टिपलं, त्याच्यासाठी गाणं फार आधी संपतं. दोघं एकच गाणं ऐकत असतात, पण एकाने ते वापरलेलं असतं आणि दुसऱ्याने ते खर्चून टाकलेलं असतं. म्हणून 'तुम्हाला एवढा बँड आवडतो, मग त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं कसं आवडत नाही?' हा प्रश्न मला उलटा वाटतो. एवढा बँड आवडतो म्हणूनच ते आता ऐकवत नाही.

मेंदूच्या बाजूनेही याला दुजोरा मिळतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या संगीतातला उत्कट क्षण येण्याआधीच, त्याची चाहूल लागतानाच मेंदूत डोपामिन हे रसायन सुटू लागतं आणि प्रत्यक्ष क्षणी मेंदूच्या दुसऱ्या भागात सुटतं. म्हणजे संगीताच्या आनंदात वाट पाहणं आणि ती पुरी होणं असे दोन घास असतात. आता ग्रीनवुडचे ते तडाखे आठवा. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. दहाव्या वेळी तो त्यांची वाट पाहतो, आणि बहुधा तेव्हा गाणं सगळ्यात गोड असतं. पाचशेव्या वेळी वाट पाहण्यासारखंही काही राहत नाही. गाणं बिघडवायला केलेली ती बंडखोरी आता घड्याळाच्या टोल्यासारखी वेळेवर येते. ज्या गाण्याची ताकद एका धक्क्यात असते, ते पाठ झाल्यावर सगळ्यात जास्त गमावतं.

आपण लावलेलं आणि आपल्यावर लादलेलं

इथे कुणीही हरकत घेईल की काही गाणी आपण हजार वेळा ऐकतो आणि तरी कंटाळत नाही. खरं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना त्यांच्या सध्याच्या लाडक्या गाण्याबद्दल विचारलं होतं. आनंदी गाणं लाडकं असणाऱ्यांनी ते सरासरी १७५ वेळा ऐकल्याचा अंदाज दिला. ज्यांचं लाडकं गाणं गोड आणि दुखरं, दोन्ही होतं त्यांनी ७९० वेळा. आकडे लोकांनी स्वतः अंदाजाने सांगितलेले, तेव्हा ते तंतोतंत धरू नयेत. तरी एवढं कळतं की नुसत्या वारंवारतेने गाणं मरत नाही, आणि 'क्रीप'सारखी दुखरी गाणी तर खूप ताण सोसतात.

मग फरक कशाने पडतो? बटण कुणाच्या हातात आहे, याने. आपण गाणं लावतो तेव्हा मनाला ते हवं असतं आणि कंटाळा यायला लागला की आपण ते नकळत काही दिवस बाजूला ठेवतो. दुसऱ्याने लावलेल्या गाण्याला ही विश्रांती नसते. गणपतीच्या दिवसांत मांडवासमोर राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथे वाजणारी गाणी वाईट असतात असं नाही, पण ती थांबवणं आपल्या हातात नसतं.

आपल्या संगीत नाटकांच्या काळी प्रेक्षक एकाच रात्री एकाच पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर देत. तिथेही वारंवारता होतीच. पण मागणी श्रोत्याची होती आणि बालगंधर्वांसारखा गायक दर खेपेला त्या पदात काही नवं ठेवून जात असे. रॉक बँडच्या हिट गाण्याला ही मोकळीक जवळपास नसते. रेकॉर्डवर जसं आहे तसंच स्टेजवर हवं, गिटारचे तडाखे तिथेच हवेत, सूर तसाच चढायला हवा, अशी बहुतेक प्रेक्षकांची अपेक्षा असते. पद पुन्हा गायल्याने वाढत जाई, हिट गाणं पुन्हा वाजवल्याने गुळगुळीत होतं.

रेडिओचं गणित यात भर घालतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्टेशनांसाठी सगळ्यात मोठी भीती असते ती श्रोत्याने स्टेशन बदलण्याची. अनोळखी गाणं लागलं की बोट बटणाकडे जातं, म्हणून ओळखीचीच गाणी दिवसातून अनेकदा फिरवली जातात. कोणतं गाणं किती चालेल हे ठरवायला लोकांना फोन करून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवायची पद्धत होती. गाणं ओळखता का, आवडतं का आणि त्याचा कंटाळा आला आहे का, असे प्रश्न विचारले जात. या कंटाळ्याला त्या धंद्यात 'बर्न' म्हणतात. बर्न वाढला की गाणं काही काळ उतरवून ठेवतात. म्हणजे कान किटणं ही चाहत्यांनी काढलेली पळवाट नाही, धंद्याने मोजायला घेतलेली गोष्ट आहे. अडचण एवढीच की मोजमाप वरवर ऐकणाऱ्यांचं असतं. मन लावून ऐकणारा फार आधी थकलेला असतो आणि तो संख्येने इतका थोडा असतो की आकड्यात दिसतच नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला आणि एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादा गेली. काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे १,२०० हून अधिक स्टेशनं आली. मग शहर बदललं तरी गाणी बदलेनात.

माझं गाणं, सगळ्यांचं गाणं

इतकं झालं कानाचं. आता मनाचं, आणि मला यातला हा भाग सगळ्यात दुखरा वाटतो.

'क्रीप' हे कुठेच न सामावणाऱ्या माणसाचं गाणं आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी, खोलीचं दार लावून ते ऐकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाटतं की हे आपल्याच मनातलं आहे, बाकीच्यांना ते कळणारच नाही. मग एके दिवशी तेच गाणं मॉलमध्ये वाजतं. कॉलेजात ज्या मुलांनी आपल्याला कधी घोळक्यात घेतलं नाही, तीच मुलं गळ्यात गळे घालून ते गाताना दिसतात. मैदानावर हजारो लोक एका सुरात 'माझी जागा इथे नाही' म्हणतात. गाण्यातला एकही शब्द बदललेला नसतो, पण त्या मुलाच्या हातातून काहीतरी निसटलेलं असतं. त्याला होणारं दुःख मी खरं मानतो. गाणं त्याच्या मालकीचं नव्हतंच, हे तर्काने बरोबर आहे आणि त्याने त्याचं दुःख कमी होत नाही.

यात ओळखीचाही भाग येतो. आपण काय ऐकतो यावरून आपण कोण हे लोकांना कळावं, असं तरुणपणी फार वाटतं. जोना बर्गर आणि चिप हीथ यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका वसतिगृहातली मुलं पिवळे रबरी मनगटपट्टे वापरत होती. शेजारच्या, पुस्तकी किडे समजल्या जाणाऱ्या वसतिगृहातल्या मुलांनी तेच पट्टे घालायला सुरुवात केल्यावर पहिल्या वसतिगृहातल्या बऱ्याच जणांनी ते काढून टाकले. पट्ट्यात काही फरक पडला नव्हता, त्यातून मिळणारा निरोप बदलला होता. 'क्रीप' आवडतं असं सांगून १९९२ च्या नोव्हेंबरात तुमच्याबद्दल बरंच काही कळलं असतं. आज त्यातून काहीच कळत नाही.

आणि एक तक्रार अशी, जी मला सगळ्यात रास्त वाटते: हे गाणं बाकीच्या गाण्यांच्या वाटेत उभं राहतं. १९९५ चा 'द बेंड्स', १९९७ चा 'ओके कॉम्प्युटर', २००० चा 'किड ए' या तीन अल्बमांत या बँडने जेवढं अंतर कापलं, तेवढं फार थोड्यांनी कापलं असेल. 'किड ए'मध्ये तर गिटार जवळजवळ बाजूला ठेवून त्यांनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं, जॅझची फुंकवाद्यं आणि तुकडे केलेला आवाज घेतला. ज्याने हे सगळं मनापासून ऐकलं आहे, त्याला 'रेडिओहेड? ते क्रीपवाले ना?' हे वाक्य का लागतं ते समजण्यासारखं आहे. तो गाण्यावर चिडलेला दिसतो, पण त्याचा जीव तुटत असतो तो न ऐकल्या गेलेल्या गाण्यांसाठी.

यात चाहते एका ठिकाणी चुकतात. नव्याने आलेल्या माणसापुढे नाक मुरडण्याचं काही कारण नाही. तो टेकडीच्या पायथ्याशी उभा आहे. पहिल्यांदा तो कोमल धैवत ऐकताना जे वाटतं, ते त्याला आत्ता वाटतं आहे.

बँडच कंटाळला तर

चाहता बँडकडे बघून शिकतो. रेडिओहेडने आपला कंटाळा कधी फार लपवला नाही. 'त्याच साडेचार मिनिटांत जन्म चालला आहे' अशा अर्थाचं त्यांनी मुलाखतींत सांगितलं. १९९४ मध्ये त्यांनी 'माय आयर्न लंग' हे गाणं काढलं, ते थेट 'क्रीप'वरच होतं. आयर्न लंग म्हणजे पूर्वी पोलिओच्या रुग्णांना ठेवत ते लोखंडी श्वासयंत्र. त्याने जीव वाचतो आणि माणूस त्यातच अडकून पडतो. हिट गाण्याबद्दल इतकं अचूक काही मी दुसरीकडे वाचलेलं नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 'क्रीप' वाजवणं जवळपास बंद केलं. मग चाहत्यांतही एक अलिखित शिस्त आली की कार्यक्रमात ते मागायचं नाही. बँडला जे नको ते न मागणं, हे निष्ठेचं लक्षण झालं.

हे एकट्या रेडिओहेडचं नाही. १९९१ च्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'ने निर्वाणा या अमेरिकन बँडला शिखरावर नेलं आणि दोन-अडीच वर्षांत त्यांचा गायक कर्ट कोबेन मुलाखतीत सांगत होता की ते वाजवणं आता जिवावर येतं. लोकांनी त्या एकाच गाण्यावर एवढा भर दिला याचं त्याला वाईट वाटत होतं, कारण त्याच तोडीची इतर गाणी आपण लिहिली आहेत असं तो मानत होता. आर.ई.एम. या बँडने २००३ साली आपल्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला, तेव्हा त्यात 'शायनी हॅपी पीपल' हे मोठं हिट गाणं घेतलंच नाही. लेड झेपलिन या बँडचं १९७१ चं 'स्टेअरवे टू हेवन' अमेरिकेत सुटी रेकॉर्ड म्हणून कधी विकायलाही आलं नव्हतं, तरी एफएमवर ते इतकं वाजलं की त्यांचा गायक रॉबर्ट प्लांटने पुढे पोर्टलंडच्या एका लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओला देणगी दिली. निवेदकाने म्हटलं होतं, पैसे दिलेत तर हे गाणं आम्ही पुन्हा लावणार नाही. तो किस्सा प्लांट स्वतःच सांगतो. गाणं आपल्याला आवडतं, फक्त ते खूप ऐकून झालं आहे, असं त्याचं म्हणणं.

बँड पाट्या टाकायला लागला की समोरच्या कट्टर चाहत्याला ते पहिल्याच ओळीत कळतं. बाकीचे नाचत असतात. न वाजवलं तर हजारो लोक नाराज, वाजवलं तर तेच जुने शेकडो लोक पाण्याच्या बाटल्या आणायला बाहेर. तिकिटांचा हिशेब पहिल्यांच्या बाजूने असतो, त्यामुळे बहुतेक बँड वाजवतात.

विश्रांती मिळालेलं गाणं

रेडिओहेडने वाजवलं नाही, आणि त्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली. ७ जुलै २००१ ला ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये, म्हणजे घरच्याच मैदानावर, त्यांचा कार्यक्रम होता. शेवटाकडे जॉनीचा ऑर्गन बिघडला आणि ठरलेलं गाणं वाजवता येईना, तेव्हा त्यांनी 'क्रीप' घेतलं. मैदान वेडं झालं. २००९ मध्ये रेडिंगच्या महोत्सवात त्यांनी कार्यक्रमाची सुरुवातच त्याने केली. मग परत शांतता. मे २०१६ मध्ये पॅरिसला, जवळपास सात वर्षांनी, त्यांनी ते वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी जगभर त्याची बातमी झाली. ज्या गाण्याला चाहते नाकं मुरडत होते, ते ऐकायला मिळालेल्यांचा आता हेवा केला जात होता. २०१७ मध्ये ग्लास्टनबरीलाही ते झालं. २०२१ मध्ये यॉर्कने त्याचं एक नवं रूप काढलं, ताणून संथ केलेलं. पन्नाशीतल्या माणसाने विशीतल्या स्वतःकडे पाहावं तसं ते ऐकू येतं.

बर्लाइनच्या टेकडीवरून उतरलेलं गाणं दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हा थोडं वर चढू शकतं. आपण त्याचे बारकावे विसरतो आणि मध्ये आपलं वयही वाढलेलं असतं. रेडिओवाले बर्न झालेलं गाणं उतरवून ठेवतात ते याच अनुभवावरून. फरक इतकाच की त्यांना काही महिन्यांत ते परत हवं असतं, आणि रेडिओहेडने वर्षानुवर्षं दम धरला.

आता रेडिओची जागा स्ट्रीमिंगने आणि रील्सनी घेतली आहे. 'क्रीप' स्पॉटिफायवर शंभर कोटींच्या कधीच पुढे गेलं. पण २०२५ मध्ये वेगळंच झालं. 'ओके कॉम्प्युटर'मधलं 'लेट डाउन' हे कधी मोठं हिट न झालेलं, कट्टर चाहत्यांनी अठ्ठावीस वर्षं जीव लावून जपलेलं गाणं टिकटॉकवरच्या छोट्या व्हिडिओंतून पसरलं आणि ऑगस्टमध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पोचलं. २००८ नंतर या बँडचं तिथे पोचलेलं हे पहिलंच गाणं. नोव्हेंबरमध्ये माद्रिदला, सात वर्षांच्या खंडानंतर स्टेजवर परतताना, त्यांनी सुरुवात त्यानेच केली. जे जुने चाहते 'क्रीप ऐकू नका, लेट डाउन ऐका' असं लोकांना सांगत आले, त्यांचं म्हणणं अखेर ऐकलं गेलं आहे. त्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा आता त्यांनाही दिवसातून कितीदा तरी ऐकावा लागतो.